साइट उघडायला वेळ का लागतो? कोकणातल्या ऑनलाइन विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहते आणि आंबा, काजू, कोकम विकणाऱ्या घरगुती व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळते. मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "साइट उघडत नाही", "नुसती चकरी फिरते", "गिऱ्हाईक म्हणतं, ताई, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच घ्या." दरवर्षी तेच प्रश्न, फक्त गावं वेगळी. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. हापूसचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. त्यातला एक आठवडा साइट रखडली तर तो आठवडा पुढच्या वर्षीच येतो, आणि अढीत घातलेला आंबा तर कोणासाठी थांबत नाही.

माल चांगला असेल तर गिऱ्हाईक थोडं थांबणार नाही का?

जुनं गिऱ्हाईक थांबतं. ज्याच्या घरी पाच वर्षं तुमची पेटी जाते, तो साइट उघडली नाही तर सरळ फोन लावतो. नव्या माणसाने मात्र तुमचा आंबा चाखलेलाच नसतो. ठाण्याहून दादरकडे निघालेल्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून त्याने 'देवगड हापूस' शोधलेलं असतं. समोर चार-पाच नावं येतात. तुमच्या नावावर बोट ठेवलं, पडदा पांढराच राहिला, की तो मागे येतो आणि खालचं नाव उघडतो. त्याच्या लेखी तुमचं दुकान बंद आहे.

यातली वाईट गोष्ट ही की तुम्हाला ते कळतच नाही. बाजारात स्टॉलवर कोणी पेटीला हात लावून पुढे गेला तर निदान दिसतं, हाक मारता येते. इथे न आलेल्या ऑर्डरची कुठेच नोंद होत नाही. मग आपण म्हणतो, "यंदा मागणीच कमी आहे."

माणसाच्या सहनशक्तीची मापं जुनीच आहेत. वेबसाइट वापरायला सोप्या कशा असाव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेला ढोबळ नियम आजही वापरतात: ०.१ सेकंदात झालं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. फोन वेगवान झाले, माणसं तीच राहिली.

किती सेकंदांत उघडलं म्हणजे साइट चांगली म्हणायची?

गुगलने यासाठी तीन मापं ठरवली आहेत. इंग्रजी नावं पाठ करायची गरज नाही, अर्थ समजला की झालं.

पहिलं माप: पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुतेक वेळा पेटीचा किंवा आंब्याचा फोटो, दिसायला किती वेळ लागला. २.५ सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं, ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वाईट.

दुसरं माप: बोट लावल्यावर साइट किती लवकर हालचाल करते. २०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, पडद्यावर काहीतरी बदललं पाहिजे. हे माप मार्च २०२४ पासून आधीच्या एका मापाच्या जागी आलं. मला हे तिघांत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे नुकसान डोळ्यांना दिसतं. गिऱ्हाईक '५ डझन' निवडतं, किंमत बदलत नाही, म्हणून ते परत दाबतं, आणि कार्टमध्ये दोन पेट्या जाऊन बसतात. पैसे भरताना आकडा बघून ते दचकतं आणि सगळंच सोडून देतं.

तिसरं माप: पान उघडत असताना गोष्टी किती उड्या मारतात. 'बुकिंग सुरू' ही पट्टी उशिराने वरून उतरते, सगळं पान खाली सरकतं, आणि 'आंबापोळी'वर ठेवलेलं बोट 'काजूगर'वर पडतं. या सरकण्याचा आकडा ०.१च्या आत हवा. त्यासाठी प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली आणि पट्टीसाठी जागा राखून ठेवली की बहुतेक वेळा काम होतं.

ही मापं चारपैकी तीन भेटींमध्ये पाळली गेली पाहिजेत, अशी अट आहे. म्हणजे एकट्या तुमच्या फोनवर चांगलं चाललं हे पुरत नाही.

वेग वाढवला की विक्री वाढते, हे खरंच कोणी मोजलंय का?

मोजलंय. २०१६ मध्ये गुगलने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मोबाइलवरच्या ५३ टक्के भेटी अर्धवट सुटतात, असं दिसलं. २०२० मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीने गुगलच्या सांगण्यावरून युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडच्या साइट तपासल्या. मोबाइल साइटचा वेग ०.१ सेकंदाने सुधारला तेव्हा किरकोळ विक्रीच्या साइटवर खरेदीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ८.४ टक्क्यांनी वाढलं होतं. इटलीतल्या व्होडाफोनने पहिलं माप, म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट दिसण्याचा वेळ, ३१ टक्क्यांनी कमी केला आणि विक्री ८ टक्क्यांनी वाढली. आपल्या ओळखीचं उदाहरण बसची तिकिटं विकणाऱ्या रेडबसचं. त्यांनी बोट लावल्यावरचा प्रतिसाद सुधारला आणि विक्रीत ७ टक्के वाढ नोंदवली.

पण हे आकडे घेऊन "माझ्या ५०० पेट्यांच्या ५४० होतील" असा हिशेब मांडू नका. त्या मोठ्या साइट आहेत, रोज लाखो माणसं येतात, म्हणून एवढासा फरकही मोजता येतो. तुमच्याकडे दिवसाला शंभर माणसं येत असतील तर दोन-चार ऑर्डरचा चढउतार आमरसाच्या बेतावरही अवलंबून असतो. आकड्यांतून दिशा घ्यायची. दिशा मात्र सगळीकडे एकच निघाली आहे.

माझ्या फोनवर तर लगेच उघडते. मग अडचण कुठे आहे?

तुम्ही रोज ती साइट उघडता, म्हणून तिचे फोटो आणि फाइली तुमच्या फोनमध्ये आधीच साठवलेल्या असतात. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून उतरवून घ्यावं लागतं. शिवाय तुम्ही घरच्या वायफायवर बघता.

गुगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' हे साधन फुकट आहे. साइटचा पत्ता घाला; ते मध्यम किमतीचा फोन आणि मंद ४जी गृहीत धरून पान उघडून दाखवतं. छोट्या साइटना बऱ्याचदा 'खऱ्या वापरकर्त्यांची माहिती पुरेशी नाही' असा संदेश येतो. त्याने घाबरू नका, भेट देणारे कमी असले की तसं होतं. खालची प्रयोगातली मापं बघायची.

त्याहून चांगली चाचणी सांगते. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडा आणि एक पेटी शेवटपर्यंत विकत घेऊन बघा. पत्ता भरा, पिनकोड भरा, पैसे भरा. आपल्याच दुकानातून एकदाही खरेदी न केलेले कितीतरी विक्रेते मला भेटले आहेत. पहिल्यांदा करून बघितल्यावर पुढचं मला समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या वाडीत रेंजच नाही. त्यात वेबसाइटचा काय दोष?

तुमच्या वाडीतल्या रेंजचा आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला साइट दिसण्याचा संबंध नाही. साइट तुमच्या घरी नसते, सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या एका सतत चालू यंत्रावर असते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला टॉवर दिसत नाही, वीज गेली की टॉवरची बॅटरी थोड्या वेळाने संपते, हे खरंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत काय केलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्याची काय दशा केली, ते इथे कोणाला सांगायला नको. तशा दिवसांतही साइट चालूच राहते. फक्त तुमच्यापर्यंत ऑर्डर उशिरा पोचते. म्हणून ऑर्डरचा साधा एसएमएस येईल अशी सोय ठेवा. जिथे नेट चालत नाही तिथेही एसएमएस पुष्कळदा येतो. आणि दोन दिवस फोन लागणार नसेल तर मुंबईतल्या कोणा घरच्या माणसाला साइटवर 'पाठवणी थांबवली आहे' असं लिहिता यायला हवं.

गिऱ्हाइकाची रेंज ही वेगळी गोष्ट, आणि तीही नेहमी चांगली नसते. गणपतीला गावाकडे निघालेला चाकरमानी कोकण रेल्वेत बसून परतीसाठी काजू मागवत असतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. दोन बोगद्यांच्या मध्ये जी मिनिटभर रेंज मिळते, तेवढ्यात तुमचं पान उघडलं पाहिजे.

सगळ्यात आधी काय दुरुस्त करू?

फोटो. दहापैकी नऊ साइटवर मी फोटोंपासूनच सुरुवात करते.

आजच्या फोनने काढलेला फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. समजा पहिल्याच पानावर असे आठ फोटो आहेत, प्रत्येकी ४ एमबी. झाले ३२ एमबी, म्हणजे २५६ मेगाबिट. गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाला सेकंदाला ५ मेगाबिट मिळत असतील तर नुसते फोटो उतरायला ५१ सेकंद लागतात. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी प्रकारात साठवले तर प्रत्येकी १२० केबीच्या आसपास येतात. आठांचे मिळून एक एमबीही होत नाही. वेळ दीड सेकंद. फोनच्या पडद्यावर दोन्हींत फरक दिसत नाही.

पण आंब्याचा फोटो दाबताना हात जपून चालवा, हे मला ठासून सांगायचं आहे. देठाकडचा तांबूस रंग उतरत उतरत केशरी, मग पिवळा होत जातो, त्यावरून माणूस फळ ओळखतो. फार दाबलं की त्या छटांच्या जागी सपाट पट्टे दिसायला लागतात आणि आंबा मेणाचा वाटतो. फोटो साठवताना दर्जाचा आकडा शंभरपैकी ७५ ते ८०च्या दरम्यान ठेवा आणि प्रत्येक फोटो स्वतः डोळ्यांनी तपासा. काजूगर, सोलं, कुळथाचं पीठ यांचे फोटो आणखी दाबले तरी चालतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो साइटवर टाकू नका. ते आधीच दाबलेले असतात, मोठे करून लावले की धूसर दिसतात. बागेतल्या माणसाला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फोटो मिळतो.

खालचे फोटो गिऱ्हाईक तिथवर आल्यावरच उतरतील अशी सोय करता येते, ती जरूर करा. फक्त सगळ्यात वरच्या फोटोला ती लावू नका. बरेच जण सरसकट सगळ्यांना लावतात आणि जो फोटो सगळ्यात आधी दिसायला हवा तोच रांगेत मागे जातो.

आणखी एक जागा: जीआय प्रमाणपत्र. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. दुसरीकडचा आंबा देवगड म्हणून खपवला जात असताना हे प्रमाणपत्र दाखवायलाच हवं. पण त्याचं पाच एमबीचं स्कॅन पहिल्या पानावर कशाला? नोंदणी क्रमांक अक्षरांत लिहा, आणि ज्याला कागद बघायचा त्याला बोट लावल्यावर दिसू दे.

बागेचा ड्रोन व्हिडिओ साइटवरून काढून टाकू का? त्यावर खर्च केलाय.

काढून टाकू नका, हलवा. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ पहिल्या पानावर नको. त्या जागी एक स्थिर चित्र आणि 'बाग बघा' असं बटण ठेवा. ज्याला बघायचंय तो दाबेल. व्हिडिओ यूट्यूबवर असला तरी त्याची चौकट नुसती पानात बसवली की ती स्वतःबरोबर बऱ्याच फाइली ओढून आणते. तीही बटण दाबल्यावरच येऊ द्या.

साइट मराठीत आहे म्हणून जड होते का?

होते, पण वाटतं तेवढी नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, रोमन लिपीत एकच लागतो. सर्व्हरवर कॉम्प्रेशन, म्हणजे मजकूर दाबून पाठवायची सोय, सुरू असलं की हा फरक बराच भरून निघतो.

खरं वजन फॉन्टचं. आपल्या लिपीत जोडाक्षरं आहेत, त्यामुळे फॉन्टमध्ये शेकडो आकार भरावे लागतात. त्यात साधा, जाड, आणखी जाड असे चार प्रकार लावले की अक्षरं दिसायच्या आधीच गिऱ्हाईक गेलेलं असतं. एक किंवा दोन प्रकार पुरतात. फाइल 'वॉफ२' प्रकारातली असू द्या आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसेल अशी सूचना लिहा. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, त्यामुळे वेगळा फॉन्ट न लावताही छान चालतं. मी स्वतः छोट्या दुकानांना तसंच सुचवते. फॉन्टमधले 'नको असलेले' आकार कापून फाइल लहान करणारी साधनं वापरलीत तर 'रत्नागिरी', 'दर्जा', 'ऱ्हाट' असे शब्द तपासून घ्या; जोडाक्षरं फुटलेली साइट मला बघवत नाही.

मजकुराऐवजी मजकुराचं चित्र लावणं मात्र बंदच करा. दरपत्रक चित्रात असेल तर ते जड होतं, गुगलला नीट वाचता येत नाही आणि भाव बदलला की परत नवं चित्र करावं लागतं.

सर्व्हर परदेशात असला तर काय फरक पडतो?

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. सरळ रेषेत धरलं तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, आणि तारा सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात २०० च्या वर. पान यायच्या आधी पत्ता शोधणं, जोडणी, सुरक्षित जोडणी, मग मागणी, अशा तीन-चार फेऱ्या होतात. पाऊण सेकंद इथेच गेला. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सर्व्हर मुंबईतला घ्या. मोठ्या कंपन्यांची केंद्रं तिथे आहेत. दुबई-अमेरिकेतली ओळखीची माणसं गावच्या घरी पेटी पाठवायला ऑर्डर देत असतील तर सीडीएन लावा, म्हणजे फोटोंच्या प्रती त्यांच्या जवळच्या केंद्रातून जातील.

वर्षभर ठीक चालते, नेमकी एप्रिलमध्ये का बसते?

कारण स्वस्त होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत, एकाच यंत्रावर अनेक साइट राहतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला ताकद थोडी येते. अक्षय्य तृतीयेच्या आधी कोणीतरी तुमची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं आणि अर्ध्या तासात दोनशे माणसं येतात. प्रत्येकासाठी सर्व्हर पान नव्याने रांधायला बसला तर तो दमतोच. एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना वाढणं, यालाच कॅशिंग म्हणतात. ते सुरू असलं तर साधं होस्टिंगही गर्दी पेलतं. फक्त कार्ट आणि पैसे भरायचं पान साठवायचं नाही, नाहीतर एकाच्या कार्टमधला माल दुसऱ्याला दिसेल.

एका वर्षी मी हंगाम सुरू झाल्यावर एका बागायतदारांचं होस्टिंग बदललं. दीड दिवस साइट कधी दिसे, कधी नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्या दीड दिवसाच्या पेट्या त्यांनी वाशीच्या घाऊक बाजारात धाडल्या, मिळेल त्या भावाने. तेव्हापासून १ मार्चनंतर मी कोणाच्याही साइटच्या मुळाला हात लावत नाही.

पैसे कापले गेले, पण ऑर्डर आलीच नाही. हे पण वेगामुळेच?

पुष्कळदा हो. गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे भरतं आणि परत तुमच्या पानावर यायच्या आत नेट जातं, किंवा पान इतकं रेंगाळतं की ते बंद करतं. तुमची साइट गिऱ्हाईक परत येण्याचीच वाट बघत असेल तर ऑर्डर लटकते. पेमेंट कंपनीचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला 'पैसे आले' असं कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो लावलाय का, हे साइट बनवणाऱ्याला आजच विचारा. आणि 'पैसे भरा' बटण एकदा दाबल्यावर लगेच निष्क्रिय होऊन त्यावर 'थांबा, बंद करू नका' असं मराठीत यायला हवं. ते नसलं की माणूस दोनदा दाबतो, दोनदा पैसे जातात, आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो.

चॅटची खिडकी, बक्षिसाचं चक्र, पाच जाहिरात कंपन्यांचे कोड: हे ठेवू का?

ज्यातून गेल्या हंगामात एकही ऑर्डर आली नाही ते काढा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी साधी लिंक पुरते.

होमस्टेच्या साइटलाही हे सगळं लागू आहे का?

जास्तच. तारकर्ली, गुहागर, दापोलीकडे येणारी पुष्कळ माणसं निघाल्यावर वाटेत खोली शोधतात. कशेडी किंवा परशुराम घाटात रेंज येते-जाते. तुमचा फोन नंबर, गावाचं नाव, खोलीचा दर आणि नकाशाची लिंक ही चार माहिती पानाच्या वरच्या भागात साध्या अक्षरांत असली तर फोटो नाही उतरले तरी ते फोन करतील. पानात फिरता नकाशा बसवू नका, लिंकच द्या.

एवढं करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर विकलेलं काय वाईट?

काही वाईट नाही. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी बागायतदारांनी थेट गिऱ्हाइकाला आंबा विकला तो फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच. पन्नास-शंभर ओळखीची घरं असतील तर मी वेबसाइट करायला सांगणारही नाही. अनोळखी माणसापर्यंत पोचायचं असेल, रात्री अकराला आलेली ऑर्डर आपोआप लिहिली जावी असं वाटत असेल, तेव्हा साइट हवी. गुगल मोबाइलवरच्या क्रमवारीत वेगाचा विचार २०१८ पासून करतो. मजकूर कामाचा नसेल तर नुसत्या वेगाने वर येता येत नाही, पण दोन साइट सारख्याच असतील तर वेग उपयोगी पडतो.

'पेजस्पीडवर शंभरपैकी शंभर गुण आणून देतो' म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का?

गुणांसाठी देऊ नका. पंच्याऐंशी गुणांची साइट छान विकते. कोणी काम देऊ केलं तर त्याला विचारा, "जुन्या फोनवर, मोबाइल नेटवर, पहिला फोटो किती सेकंदांत दिसेल आणि पेटी घेऊन पैसे भरेपर्यंत किती वेळ लागेल?" काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर हे दोन्ही आकडे तुमच्यासमोर मोजून द्यायला तो तयार असेल तर बोलणी करा. फोटो लहान करणं, फालतू प्लगइन काढणं, कॅशिंग सुरू करणं ही कामं घरातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा दोन रविवारांत करू शकतो.

हे काम कधी काढावं?

पावसात. जून ते सप्टेंबर बागेत फवारणीची घाई नसते, साइटवर गर्दी नसते, काही बिघडलं तरी निस्तरायला वेळ असतो. गणपतीच्या आधी काजू-कोकमाच्या ऑर्डर येतात, त्यावर सगळं तपासून होतं. मोहोर धरला की नवे फोटो आणि नवे दर तेवढे चढवायचे, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या फोनवरून स्वतः एक पेटी मागवून बघायची.